चार किलोमीटरच्या आतलं घर

भांडण कानावर आलं तर शहाणं माणूस दार लोटून घेतं. आक्काने रिसीव्हर उचलला.

झालं असं, की ती मागच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि पुढच्या खोलीतून भावाचा आवाज चढलेला ऐकू आला. तिचा भाऊ आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. टेलिफोन खात्यात लाइनमन. खांबावर चढायचं, तारेला टेस्टचा फोन लावायचा आणि 'हॅलो, हॅलो' म्हणायचं, एवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं. म्हणून सगळी वस्ती त्याला हॅलोच म्हणायची. घरात तो भाऊ. तर हा भाऊ फोनवर म्हणत होता, "नाही ऐकलं मी. तुझी शपथ, नाही ऐकलं." पलीकडे त्याची लेक होती, तिच्या ऑफिसातून बोलत होती, हे आक्काला कळलं. काय बोलत होती ते कळेना, आणि जीव तर तिथेच अडकलेला. फोनचा दुसरा डबा मागच्या खोलीत होता, त्याच लाइनवर जोडलेला. आक्काने त्याचा रिसीव्हर अलगद उचलून कानाला लावला.

"माझ्या घरचा फोन तुमच्याच लाइनवर आहे, बाबा," लेक म्हणत होती. "मी बोलले ते एकाच मैत्रिणीशी, तेही घरून. मग तुम्हाला कळलं कसं? भिंतीला कान फुटले?"

भाऊ गप्प झाला. चांगला दोन-तीन श्वास गप्प झाला. मग उतरलेल्या आवाजात म्हणाला, "हो. ऐकलं. मीच ऐकलं."

लेकीने फोन आपटला. आक्काने आपला असा ठेवला, की मुंगीलाही कळू नये.

आता खरं काय होतं ते सांगायला हवं. ऐकलं होतं आक्काने. आठ दिवसांपूर्वी तिने शेजारच्या शिवणवालीला फोन लावायला म्हणून रिसीव्हर उचलला, तर आत भाची मैत्रिणीशी बोलत होती. नवऱ्याला परदेशात नोकरी लागलीय, कायमचं जायचं ठरलंय, पण तिकिटं हातात पडेपर्यंत बाबांना सांगणार नाही, ते खचतील, मलाच जाववणार नाही, असं. तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण ज्या पोरीला चार वर्षांची असल्यापासून न्हाऊमाखू घातलं, तिच्या तोंडून असं ऐकल्यावर हात कुठला हलतोय. सगळं ऐकलं. आणि पोटात मावेना म्हणून शिवणवालीला सांगितलं, कुणाला बोलू नको अशी गळ घालून. शिवणवालीने दोन दिवस कळ काढली हेच खूप. तिसऱ्या दिवशी दुकानावरून जाणाऱ्या भावाला ती म्हणाली, "लेक निघाली म्हणे साता समुद्रापार? नशीब काढलं हो पोरीने." भाऊ तिथून थेट लेकीकडे गेला, आणि मला का नाही सांगितलंस एवढंच विचारून आला.

दोन महिन्यांनी लेक, जावई गेले. दारात ती बापाच्या पाया पडली, पण वर मान करून बघितलं नाही. आक्काच्या गळ्यात पडून मात्र रडली. आक्काला ते रडणं खांद्यावर निखारा ठेवावा तसं लागलं. सांगेन, उद्या सांगेन, असं म्हणता म्हणता उद्याची अकरा वर्षं झाली. चुकीचं असंच असतं. ताजी असताना एका वाक्यात सांगता येते, शिळी झाली की तिला पुस्तक लागतं.

भाऊ नोकरीला लागला तेव्हा ओठावर मिसरूडही नीट नव्हती. आधी चर खणायला, मग केबल ओढायला, मग खांबावर. बायको लवकर गेली. आक्का स्वतः विधवा. ती भावाच्या घरी महिनाभर राहायला म्हणून एक ट्रंक घेऊन आली, आणि त्या ट्रंकेवरच पुढे फोन ठेवायची सोय झाली. भावाला पोरगी वाढवायला येत नव्हती, पण प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते पाठ होतं. एक काळी डायरी होती त्याची. तिच्यात घराघराची लांबी लिहिलेली. एक्सचेंजपासून डॉक्टरांचं घर दोन हजार सहाशे दहा मीटर, शाळा एकोणीसशे, न्हाव्याचं दुकान तीन हजारावर थोडं. लोकांना वाटायचं, एक्सचेंज तर दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. भाऊ म्हणायचा, तुम्ही रस्त्याने जाता, वायर खांबाच्या मर्जीने जाते. त्याचं स्वतःचं घर दिसायला हाकेच्या अंतरावर, पण केबल जुन्या गिरणीला वळसा घालून, पुलाखालून, मोठ्या पेटीत शिरून यायची. डायरीत त्याचा आकडा होता तीन हजार आठशे चाळीस.

आणि एक खोड होती. कुणी घर सोडून गेलं की खात्याचा नियम असा, की खांबावरून त्या घराची वायर उतरवायची. भाऊ उतरवत नसे. नंबर बंद झाला तरी वायर जोडलेली राहू द्यायचा. साहेब रागवायचे, तो मान डोलवायचा आणि तसाच परत यायचा. आक्काने एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "कापायला एक मिनिट लागतं गं. पण माणूस परत आला तर पुन्हा ओढायला अख्खा दिवस." नुसत्या बोलण्याच्या फोनला अशा मेलेल्या फांद्यांचा त्रास नसतो, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. उलट कितीतरी वेळा त्याचंच खरं झालं, आणि लोकांनी त्याला दुवा दिला.

लेकीच्या घरची वायर त्याने स्वतः ओढली होती. नव्या नंबरसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नाव लावून बसावं लागायचं. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, तेव्हा भावाने आपल्याच लाइनला एक फांदी काढली आणि चार खांबांवरून तिच्या दारात नेली. सव्वातीनशे मीटर. नियमात बसत नव्हतं, पण लाइनमनच्या घरात नियम उंबऱ्यापर्यंतच येतो. ती गेल्यावर त्या घरात दोन भाडेकरू येऊन गेले, मग कुलूप लागलं. फांदी होती तशी राहिली. वर्षातून एकदोनदा भाऊ तिथे जायचा, बाहेरच्या भिंतीवरची डबी उघडायचा, टेस्टचा फोन लावून क्षणभर ऐकायचा आणि डबी लावून यायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, हॅलोला रिटायर केलं पण कुणी त्याला कळवलं नाही.

लेक रविवारी फोन करायची. आत्याशी पाऊण तास, बापाशी "बरे आहात ना?" "बरा आहे." संपलं. तिला मुलगा झाला, तो बोलायला लागला, शाळेत गेला. मग ती म्हणाली, "आत्या, आता तुमच्या एक्सचेंजला नेट आलंय म्हणतात. घेऊन टाक. निदान हा तुला बघेल तरी."

कंपनीचा माणूस आला. भावाच्या जुन्या खात्याची आता कंपनी झाली होती. त्याने सांगितलं की ही डिजिटल लाइन तांब्याच्या वायरवरून चालते खरी, पण तिला लांबी सोसत नाही. एक्सचेंजपासून राउटरपर्यंत चार किलोमीटरच्या आत घर असेल तर ठीक, त्यापुढे जोडणी देत नाही. दिली तर टिकत नाही. भावाने डायरी काढून आकडा दाखवला. त्या माणसाने यंत्र लावून पाहिलं, भुवया चढवल्या, म्हणाला, यंत्र तर जास्त दाखवतंय. भाऊ म्हणाला, वायर जुनी आहे. कंपनीवाल्याने वयाचा मान ठेवला आणि राउटर बसवून गेला.

पहिल्या रविवारी लेकीने पाठवलेल्या टॅबच्या पडद्यावर नातवाचा चेहरा आला. पुढचे दात पडलेला, केस डोळ्यांवर. आक्काने डोळे भरून बघितला तोच तो तोंड उघडं ठेवून तसाच थिजला, आणि पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा सहा मिनिटांत गेलं. दर रविवारी हेच. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, लाल व्हायचा, आणि भाऊ चोरी पकडल्यासारखा त्याच्याकडे बघत बसायचा. एकदा लेक म्हणाली, "आत्या, बाबा तर बंद करत नाहीत ना?" हसतच म्हणाली, पण ते भावाने ऐकलं.

मग त्याने घर डोक्यावर घेतलं. भिंतीच्या सॉकेटपासून राउटरपर्यंत दहा मीटर वायर होती, ती कापून हातभर केली. राउटर शेल्फवरून उतरवून सॉकेटखाली स्टुलावर आणला. सगळे जोड सोलून नव्याने पिळले. मागच्या खोलीतला आक्काचा फोनही काढून टाकला. सहाची आठ मिनिटं झाली. त्यापुढे काही सरकेना.

"अरे, मग अडतंय कुठे?" आक्काने विचारलं. भाऊ राउटरपुढे जमिनीवर बसला होता, गुडघ्याला हात बांधून. त्याने तिला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. एक्सचेंजातून निघालेला आवाज म्हणजे पाटाचं पाणी. त्याला जितक्या वाटा काढाल तितकं ते विभागतं. शेवट बंद असलेल्या वाटेत शिरलेलं तर आपटून परत येतं आणि चांगलं पाणीही गढूळ करतं. साध्या फोनला तेवढं कळत नाही, ह्या नव्या लाइनला कळतं.

"साध्या फोनलाही थोडं कळायचंच," तो पुढे म्हणाला. "मागच्या खोलीत रिसीव्हर उचलला की पुढे आवाज पडायचा. टक् व्हायचं, आणि बोलणारा एकदम लांब गेल्यासारखा वाटायचा."

हे तो राउटरकडे बघत म्हणाला. आक्काच्या हातात चहाचा कप होता, तो तिने खाली ठेवला. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण एवढा हिशोब तिला आला. नाही ऐकलं, नाही ऐकलं म्हणणारा माणूस त्या दिवशी मधेच गप्प झाला, तो का; आणि मग हो म्हणाला, ते कुणासाठी. ज्याने जन्मभर वायरीला कान लावला, त्याला आपल्या घरात कोण कान लावून बसलंय ते कळणार नाही? अकरा वर्षं त्याने तिच्या हातचं खाल्लं, तिच्या गुडघ्यांना तेल आणून दिलं, आणि एका शब्दाने विचारलं नाही.

तिला बोलायचं होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच. "मग आता कुठली वाट राहिलीय?"

"पोरीच्या घरची."

"तिथे कोण आहे?"

"कुणी नाही," भाऊ म्हणाला. "टोन आहे अजून."

तीन आठवडे त्याने काहीच केलं नाही. आक्कानेही टोचलं नाही. चौथ्या रविवारी नातू पाढे म्हणून दाखवत होता, सातच्या पाढ्यात लाइन गेली. सोमवारी सकाळी भावाने शिडी काढली. आक्का शिडी धरायला गेली. तिच्या धरण्याने शिडी पडायची थांबली नसती, पण ती गेली. फांदी मुळातूनच काढावी लागते, घराकडून कापून चालत नाही, म्हणून तो आपल्याच दारातल्या खांबावर चढला. पक्कड लावली. मग चारही खांबांवरून वायर सोडवत गेला आणि तळव्यापासून कोपरापर्यंत वेढे घेत गुंडाळत आला. त्या कुलपाच्या घराशी पोचेपर्यंत हातावर मोठं भेंडोळं झालं होतं. तिथल्या डबीला सवयीने टेस्टचा फोन लावला, ऐकलं, आणि आक्काकडे न बघता म्हणाला, "गेला."

लाइन टिकली. पुढच्या रविवारी पन्नास मिनिटं दिवा हलला नाही. आणि तेव्हा कळलं की खरी पंचाईत पुढेच होती. इतके दिवस लाइन तुटायची म्हणून बोलणं तुटत होतं. आता लाइन तुटेना आणि बापलेकीचं बोलणं काही सुरू होईना. भाऊ खुर्ची अशी ठेवून बसायचा की पडद्यात येऊ नये. नातवाने विचारलं, "तो गुडघा कुणाचा आहे?" लेक म्हणाली, "आजोबांचा." भावाने गुडघाही मागे घेतला.

भावाला मात्र दुसरं काम मिळालं. त्याच्या मायेने सोडलेल्या फांद्या वस्तीभर लोंबत होत्या, आणि घरोघरी राउटर मान टाकत होते. जिला दया समजलो तीच लोकांना भोवली, हे त्याला फार लागलं. रोज सकाळी तो पिशवी घेऊन निघायचा, डायरीत बघून एकेक मेलेली वायर उतरवायचा, आणि घरात कुणी सॉकेटपासून राउटरपर्यंत लांबच लांब वायर ओढली असेल तर तीही आखूड करून द्यायचा. बायका म्हणायच्या, हॅलो म्हातारपणी कात्रीवर आले. तो हसायचा, पण प्रत्येक वायर उतरवून आला की त्या दिवशी जेवण कमी जायचं, हे आक्का ताटावरून ओळखायची.

तो बुधवार होता. भाऊ शिवणवालीकडे गेला. आक्काने भांडी घासली, हात पुसले, आणि स्वतःच पडद्यावर लेकीच्या फोटोला बोट लावलं. आजवर तिने कधी लावलं नव्हतं.

लेक घाबरून पुढे आली. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरा आहे. मलाच बरं नाही," आक्का म्हणाली. "ऐक. त्या वेळी तुझं बोलणं ऐकलं ते मी. शिवणवालीला सांगितलं ते मी. तुझ्या बापाला तिच्याकडून कळलं."

 पडद्यावर लेक इतकी स्तब्ध होती की आक्काला वाटलं, गेली वाटतं लाइन. "आहेस ना?" तिने विचारलं.

"आहे, आत्या." लेक म्हणाली, "मग ते हो का म्हणाले?"

"तुम्ही भांडत होता तेव्हा मी मागच्या खोलीत रिसीव्हर उचलला, म्हणून म्हणाला. त्याला कळलं होतं गं. तू एकदा तुटलीस ती त्याच्यापासून. माझ्यापासूनही तुटू नयेस, म्हणून म्हणाला असेल. मला कुठे विचारता आलंय."

लेकीने चेहऱ्यावर दोन्ही हात घेतले. आक्का पुढे बरंच बोलली. माफी मागितली, स्वतःला नावं ठेवली, मला आईच्या जागी मानलंस, तेवढी माझी लायकी नव्हती म्हणाली. लेकीने त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. हात काढले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबांना बोलाव."

"अर्ध्या तासात येईल तो. शिवणवालीचं काम म्हणजे काय."

"मग मी थांबते. बंद करू नकोस."

ती थांबली. तिने तिकडे ऑफिसला कळवलं, पाणी आणून ठेवलं, केस नीट केले. आक्काने भावाची खुर्ची ओढून बरोबर पडद्यासमोर ठेवली. दोघी त्या रिकाम्या खुर्चीबद्दल काहीबाही बोलत राहिल्या. अर्धा तास झाला, पाऊण झाला. दिवा हिरवा होता. सव्वा तासाने दार वाजलं तेव्हा लेक खुर्चीत ताठ झाली. दारात शिवणवाली उभी होती, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि तिच्या मागे न्हावी. आक्काने त्यांची तोंडं बघितली. मागून पडद्यातून आवाज येत होता, "आत्या, कोण आहे? बाबा आले का?" त्या दिवशी लाइन एकदाही तुटली नाही.

शिवणवाली चहा ठेवायला आत गेली होती, तेवढ्यात भिंतीला टेकून बसल्याबसल्या भाऊ गेला. त्याच्या आधीचं सगळं तिने लेकीला त्याच पडद्यावरून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण लेक पुन्हा पुन्हा विचारायची.

नेहमीसारखाच आला म्हणाली. पिशवी दाराशी ठेवली. तिने राउटर मशीनपाशी, खिडकीत ठेवला होता, आणि सॉकेट पार पुढच्या दाराशी. मधे पंधरा मीटर वायर, उरलेली मशीनखाली गुंडाळून टाकलेली. ते बघून कपाळाला हात लावला. "बाई, कापड शिवताना आत जादा कापडाचा दाब ठेवता ते ठीक. वायरला दाब ठेवायचा नसतो." ती म्हणाली, मला काय ठाऊक, तुम्हीच तर सांगायचात, वायर जास्त असावी. त्यावर तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बरोबर होतं."

मग तिचीच टेप मागून घेऊन मापलं. राउटर सॉकेटखाली आणला, दोऱ्यांचा डबा पालथा घालून त्यावर बसवला. वायर दीड मीटरवर कापली, टोक दाताने सोललं. दाताने सोलू नको, असं आक्का वीस वर्षं सांगत होती. नवी पिन लावली, पकडीने दाबली, ओढून पाहिली. दिवा हिरवा झाल्यावर तिला फोनवर काहीतरी लावून बघायला सांगितलं आणि ते मशीनपर्यंत येतंय ना, याची खात्री केली. मग गुडघ्यावर बसला. दुकानात गिऱ्हाइकं अनवाणी माप द्यायला उभी राहतात, म्हणून तळहाताने फरशी झाडून तांब्याचे बारीक तुकडे वेचले, उजेडाकडे धरून बघितले, आणि शर्टाच्या खिशात टाकले.